चाकाची किल्ली

प्रवीणला गाडीपेक्षा तिची चाकंच जास्त आवडायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गाडी तशी साधीच. दुसऱ्याने वापरून विकलेली, पांढरी, त्याच्या पोशीर गावात चार घरं सोडून एक उभी असते तसली. पण त्याने लोधिवलीला जाऊन तिला काळ्या-चंदेरी मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूच्या शोभिवंत रिमा, बसवून घेतल्या आणि तिचा रुबाबच बदलला. खालापूरच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. तिथे साहेबांच्या गाड्यांशेजारी आपली गाडी लावायची, गेटकडे चालायला लागायचं आणि मध्येच थांबून मागे वळून बघायचं, हा त्याचा रोजचा नेम झाला. बायको ऋतिका म्हणायची, लग्नाच्या हॉलमध्ये माझ्याकडे एवढं वळून बघितलं असतंत तर मी धन्य झाले असते.

चाकं घेताना हसनभाईने त्याला फसवलं नव्हतं, हेही सांगायला हवं. लोधिवलीला जुन्या हायवेला लागून हसनभाईचं टायरचं दुकान आहे. त्याने पहिल्यांदा विचारलं होतं ते रस्त्याबद्दल.

"पोशीरचा रस्ता कसा हाय रं आता?"

"हाय तसाच. पावसानं खाल्लाय."

"मंग ह्या नको घेऊ. चाक मोठं झालं का टायर पातळ होतो. खड्ड्यात आपटलं का मार थेट रिमला. लोखंडी रिम चेपली तर ठोकून सरळ करता येते. ही तडकते."

"पन दिसायला?"

"दिसायला झकास," हसनभाई म्हणाला आणि त्याने कामाला हात घातला. गिऱ्हाइकाला नको म्हणून एकदाच सांगायचं असतं. दुसऱ्यांदा सांगितलं की ते शेजारच्या दुकानात जातं, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं. जुन्या लोखंडी रिमा मात्र त्याने विकू दिल्या नाहीत. चार घरी गेल्या आणि पडवीत लाकडांच्या ढिगाआड पडल्या, पाचवी स्टेपनी म्हणून डिकीत राहिली.

घरी प्रवीणचा बाप येसाजी चाकांभोवती एक फेरी मारून आला. "ही चालवायची, का देव्हाऱ्यात ठेवायची रं?" एवढंच त्याने विचारलं. आई सोनाबाईने चाकांना हळदकुंकू लावलं, ते पुसून काढायला प्रवीणला ओला फडका लागला. त्यावरून दोघांत थोडं वाजलंही.

नवरात्रात कळंबकडच्या एका रिसॉर्टवर मुंबईचे पाहुणे उतरले होते. सकाळी चहा घेऊन बाहेर येतात तर त्यांची गाडी विटांवर उभी आणि चारही चाकं गायब. ही बातमी दुपारपर्यंत पोशीरच्या नाक्यावर आली आणि संध्याकाळपर्यंत चोरांची एक टोळी झाली, तिच्याकडे टेंपो आला, पिस्तूलही आलं. प्रवीणच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या घराकडे येणारी गल्ली अरुंद, म्हणून गाडी देवळाच्या कोपऱ्यावर लागायची. घरातून ती दिसायची नाही. तो जेवताना उठून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा. कारखान्यात साहेब बोलत असताना त्याच्या डोळ्यांसमोर विटा यायच्या. ज्या चाकांनी त्याला मान वर करून चालायला शिकवलं, त्यांनीच आता त्याची झोप उडवली होती.

शेवटी तो पुन्हा हसनभाईकडे गेला आणि चारही चाकांना एकेक लॉकनट बसवून आला. चाकाचे बाकीचे नट साध्या पान्याने निघायचे, हा निघायचा नाही. त्याच्या डोक्यावर वेडीवाकडी नक्षी असते आणि ती एकाच किल्लीत बसते. किल्ली म्हणजे अंगठ्याएवढं लोखंडी टोपण. ते नटावर चढवायचं, मग पाना लावायचा.

"ही गाडीतच ठेव," हसनभाईने बजावलं होतं. "घरी ठिवलीस आन् रस्त्यात पंक्चर झालं तर बोंबलत बसशील. माझ्याकडं दुसरी नाय."

प्रवीणने ऐकलं. किल्ली एका छोट्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवली. पण ठेवण्याआधी ती घरात सगळ्यांना दाखवल्याशिवाय त्याला राहवलं नाही. येसाजीने ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, आतली नक्षी बघितली.

"आन् चोरानं काच फोडून हीच घेतली तर?"

"त्याला काय ठाव ती खणात हाय?"

"मला ठाव हाय. तुझ्या आयेला ठाव हाय. आता तू नाक्यावर सांगशील."

प्रवीण हसला. त्याच्या लेखी बोलणं तिथे संपलं.

येसाजीच्या लेखी ते संपलेलं नव्हतं, पण हे कळायला वेळ लागला. येसाजीकडे पूर्वी बैलगाडी होती. बैल गेले, गाडी विकली, त्याला बरीच वर्षं झाली, तरी तिच्या गोष्टी घरात चालू होत्या. त्यातली एक सगळ्यांना पाठ होती. जत्रेत गाडी सोडून आत शिरताना येसाजी एका चाकाची खीळ उपटून घ्यायचा. चाक कण्यावरून निसटू नये म्हणून टोकाला जी लोखंडी खीळ असते ती. ती कमरेला खोचायची आणि खुशाल जत्रा हिंडायची. कुणी गाडी पळवायला गेलंच तर देऊळ ओलांडायच्या आत चाक निखळून पडणार. "पोलीस नको आन् राखनदार नको," तो सांगायचा. "खीळ माझ्या कमरंला, तवर गाडी माझी." ऋतिका नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिने ही गोष्ट कौतुकाने ऐकली होती. आता ती मध्येच उठून भाजी ढवळायला जायची.

दिवाळी तोंडावर आली आणि भात कापायला आलं. पावसाने शेवटी शेवटी झोडपलं होतं, त्यामुळे भात जागोजाग आडवं पडलेलं. आडवं भात कापायचं म्हणजे डावा हात आत घालून मूठ उचलावी लागते, मग विळा चालतो. रविवार होता म्हणून प्रवीणही शेतावर होता. कापण्यापेक्षा तो भारे बांधत होता, कारण त्याच्या हाताला आता विळा लागायचा.

येसाजी ओरडला नाही. तो बांधावर चढला, डावं मनगट उजव्या हाताने धरून चालत आला आणि म्हणाला, "पव्या, गाडी काढ. नाग चावलाय."

सोनाबाईच्या हातातला भारा गळून पडला. शेजारच्या शेतातले लोक धावले. कुणी म्हणालं भगताकडे न्या, मंत्र घालतो, कुणी म्हणालं पाला चोळा. येसाजीनेच मान हलवली. "कर्जत," तो म्हणाला. तोवर गाडी बांधाजवळ आली होती. त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, सोनाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. प्रवीणने कारखान्यातल्या नर्सला फोन लावला. ती म्हणाली, हालचाल करू देऊ नका, हातपाय हलले की विष लवकर पसरतं, सरळ दवाखाना गाठा. हे त्याने पक्कं डोक्यात ठेवलं. नको इतकं पक्कं, असं त्याला पुढे वाटत राहिलं.

पोशीरहून नेरळकडे जाताना एक मोरी लागते. तिच्या तोंडाशी असलेला खड्डा प्रवीणला आपल्या तळहातासारखा माहीत होता. रोज तो तिथे गाडी जवळजवळ थांबवायचा, एकेक चाक जपून उतरवायचा. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या द्यायचे, तरी त्याला फिकीर नसायची. त्या दिवशी त्याचं लक्ष आरशात होतं. आरशात बापाच्या पापण्या हळूहळू खाली येत होत्या, कुणी ओढून घेतल्यासारख्या. गाडी खड्ड्यात गेली ती धाडकन आवाज करूनच. स्टिअरिंग हातातून निसटलं, गाडी डावीकडे खेचली गेली आणि फरफटत रस्त्याच्या कडेला थांबली.

त्याने उतरून बघितलं. पुढचा टायर फाटला होता आणि चंदेरी रिमला काठापासून आतपर्यंत चीर गेली होती. एक तुकडा तर पडलाच होता, उन्हात चमकत होता. त्याने तशीच गाडी पुढे रेटून बघितली, पण चाक जमिनीत रुतायला लागलं.

"काय झालं रं?" सोनाबाईने आतून विचारलं.

"काय नाय आये. चाक बदलतो. लगेच."

आणि खरंच त्याला तसं वाटलं होतं. जॅक होता, पाना होता, स्टेपनीत हवा होती. मोटरसायकलवरून दोघं आले, थांबले, काही लागलं तर सांगा म्हणाले. त्याने त्यांना मदतीला घेतलं, पण बापाला घेऊन पुढे जा असं म्हटलं नाही. एक तर मागे बसायच्या अवस्थेत येसाजी नव्हता, आणि दुसरं म्हणजे चाक आता बदलणारच होतं. साधे नट भराभर निघाले. मग तो किल्ली घ्यायला पुढच्या दारातून वाकला आणि त्याने खण उघडला.

पिशवी होती. पिशवीत किल्ली नव्हती.

त्याने खण उपसला. गाडीचे कागद, चार्जर, बडीशेपेची पुडी, सगळं रस्त्यावर आलं. सीटखाली हात घातला. डिकीतली चटई उचलली, स्टेपनीचा खड्डा चाचपला. पुन्हा खण. पुन्हा पिशवी, उलटी करून, झटकून. ऋतिकाला फोन केला, तिने घर डोक्यावर घेतलं, देव्हारा, मिसरीचा डबा, प्रवीणच्या पँटचे खिसे. नाही. मोटरसायकलवाल्याने साधा पाना लॉकनटावर ठोकून बघितला, तो सटकून त्याचीच बोटं सोलली. १०८ ला फोन झाला, गाडी निघाली म्हणाले. चोराला चाक काढता येऊ नये म्हणून त्याने जे काही केलं होतं, ते सगळं चोख झालं होतं. आता त्याला स्वतःलाही ते चाक काढता येत नव्हतं.

"पव्या," सोनाबाई म्हणाली, "ह्ये बघ काय करतात."

येसाजीचा उजवा हात हलत होता. बोलायला तोंड उघडत होतं, पण जीभ वळत नव्हती, नुसती घशातून घरघर यायची. डोळे अर्धे मिटलेले. उजवा हात मात्र सारखा कमरेकडे जायचा, शर्टाखाली घुसायचा, काहीतरी ओढायचा. सोनाबाई तो काढून पोटावर ठेवायची, तो पुन्हा तिकडेच जायचा.

"दुखत आसंल," ती म्हणाली. "का पँट काचते?"

प्रवीणच्या डोक्यात नर्सचे शब्द होते. तो मागच्या दारातून आत शिरला, गुडघ्यावर बसला आणि त्याने बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत पकडला. "बाबा, हात हालवू नका. इख चढंल. गप पडा." हातात जोर होता. आजारी माणसाच्या हातात असतो त्याहून जास्त. तो सुटायला बघत होता आणि प्रवीणने तो छातीशी दाबून धरला, लहान पोराला धरावं तसा. येसाजीने त्याच्याकडे बघितलं, जेवढं बघता येत होतं तेवढं. मग हात ढिला पडला. प्रवीणला हायसं वाटलं.

तेवढ्यात कळंबकडे पाण्याचे जार घेऊन जाणारा टेंपो समोरून आला. नेरळचा झैद चालवत होता. त्याने काही विचारलं नाही, भरलेले जार रस्त्याच्या कडेला उतरवले, मागे ताडपत्री अंथरली आणि टेंपो उलटा फिरवला. किती वेळ गेला होता ते प्रवीणला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही नाही.

कर्जतला पोचेपर्यंत येसाजीचा श्वास तुटत होता. त्याला आत नेलं, नळी घातली, इंजेक्शनं सुरू केली. दार बंद झालं. प्रवीण बाकावर बसला, त्याच्या हातांना चाकाचं काळं लागलं होतं आणि ते धुवायचंही त्याला सुचत नव्हतं. सोनाबाई भिंतीला टेकून पुटपुटत होती.

बऱ्याच वेळाने शगुफ्ता नावाची सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"पेशंटचे कपडे," ती म्हणाली. "करगोटा कापावा लागला, रागावू नका. त्याला किल्ल्या होत्या, त्या बघून घ्या."

पिशवीत चिखलाने भरलेली अर्धी पँट होती, शर्ट होता. तळाशी कमरेचा काळा दोरा, कापलेला. त्याला ट्रंकेची किल्ली होती, कानकोरणं होतं, आणि त्यांच्याशेजारी दोन गाठी मारून पक्कं बांधलेलं अंगठ्याएवढं लोखंडी टोपण.

प्रवीणने ते हातात घेतलं. खीळ माझ्या कमरंला, तवर गाडी माझी. शेकडो वेळा ऐकलेलं. चोर काच फोडील म्हणून बापाने किल्ली खणातून काढली, जिथे ठेवायची सवय होती तिथे ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं त्याला काही वाटलंच नसणार. तेवढं प्रवीणला लगेच समजलं. दुसरी गोष्ट समजायला एक क्षण जास्त लागला. ती समजली तेव्हा तो उठून हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला गेला, नळाखाली हात धरले आणि हात धुता धुता मोठ्याने रडला. बाप हातात किल्ली देत होता, आणि त्याने तो हात दाबून धरला होता.

येसाजी वाचला. त्याला पुढे पनवेलला हलवलं. श्वास आपला आपण घ्यायला लागला, पण डावा हात काळा पडत गेला आणि शेवटी अंगठा सोडून बाकीची बोटं काढावी लागली. प्रवीणने डॉक्टरांना गाठून विचारलं, आधी आणलं असतं तर बोटं राहिली असती का. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर त्याने कपाळ बडवून घेतलं असतं, नाही म्हणाले असते तर सुटला असता. सांगता येत नाही, यावर काय करायचं ते त्याला कळेना.

गाडी मोरीजवळ जॅकवर तशीच उभी होती. या धावपळीत तिची कुणाला आठवणही राहिली नव्हती. हसनभाई प्रवीणला टेंपोत घेऊन तिकडे गेला तेव्हा फुटलेल्या चाकासकट चारही चाकं जागेवर होती. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. त्याने मॅगव्हील काढल्या आणि पडवीतल्या लोखंडी रिमा आणून चढवल्या, काळ्या, थोड्या गंजलेल्या.

"किल्ली घावली कुठं?" काम करता करता त्याने विचारलं.

"गाडीतच व्हती," प्रवीण म्हणाला. "मला घावली नाय."

मग हेच उत्तर झालं. येसाजी घरी आला तशी माणसं बघायला यायला लागली. गावात आजाऱ्याला बघायला येणारा माणूस चहा पितो आणि उशीर कसा झाला ते विचारतो. प्रत्येकाला प्रवीणने तेच सांगितलं. गाडीतच होती, मला घावली नाही. कुणी म्हणालं असं कसं रं, एवढा शिकलेला तू. कुणी म्हणालं घाई झाली की माणूस आंधळा होतो. एकाने तर बापासमोर मुलाला चार शब्द सुनावले. प्रवीण मान खाली घालून ऐकून घ्यायचा. येसाजी खाटेवर पडून आढ्याकडे बघायचा. सोनाबाईही पोराशी तुटक वागायला लागली होती. ताट वाढायची, बोलायची नाही.

बिनकरगोट्याचा माणूस घरात बरा नव्हे, म्हणून तिने नेरळच्या बाजारातून नवा काळा करगोटा आणला आणि खाटेवर ठेवला. तो बांधायला दोन हात लागतात. येसाजीने एका हाताने जरा प्रयत्न केला, दोरा घसरला, मग त्याने तो प्रवीणपुढे धरला.

प्रवीण वाकला. बापाची कंबर हडकली होती. त्याने दोरा मागून फिरवून पुढे आणला.

"घट नको करू," येसाजी म्हणाला. आवाज अजून खरखरीत होता. मग म्हणाला, "समद्यांना गाडीतच व्हती म्हनून सांगतोस."

"गाडीतच व्हती की."

"माझ्या कमरंला व्हती."

आत सोनाबाई भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"ठाव हाय," प्रवीण म्हणाला. "सिस्टरनं दिली."

"मी तुला देत व्हतो. जीभ वळंना."

"मला वाटलं इख चढंल, म्हनून..." प्रवीणने दोरा पुन्हा सरळ केला. "मी हात सोडायला पायजे व्हता, बाबा."

येसाजी दाराबाहेर बघत राहिला. आता देवळाच्या कोपऱ्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाडीचं एक चाक दिसत होतं, साधं, काळं.

"ल्हान व्हतास तवा जत्रंत धरायचास हात," तो म्हणाला. "त्याच्यानंतर त्या दिवशीच धरलास. मंग मी मनात म्हटलं, ऱ्हाऊ दे."

प्रवीणच्या हातात दोऱ्याची दोन टोकं होती. त्याने गाठ मारायला घेतली, पण ती अर्धीच राहिली, आणि बापाच्या कमरेला हात लावून तो तसाच वाकून राहिला.